दिवसभर घरी कोण असतं

भाच्यानं व्हॉट्सअॅपवर एक तक्ता पाठवला. लातूरची नोकरी सोडून तो पुण्यात खराडीच्या एका कंपनीत रुजू होणार होता. बायकोलाही तिथंच जवळ काम मिळालं होतं आणि दोघांबरोबर अक्का येणार होती, माझी मोठी बहीण. भाऊजी गेल्यावर लातूरच्या घरात एकटं राहायची तिची तयारी होती, मुलाची नव्हती. तक्ता मन लावून केलेला होता. खराडी, वाघोली, केशवनगर, वडगाव शेरी, हडपसर अशी नावं आणि प्रत्येकासमोर भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स, ऑफिसला लागणारी मिनिटं (सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी), पार्किंग, जिम, स्विमिंग पूल. रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही एकेक ओळ चाळत होतो. मागे पलंगावर अक्का लसूण सोलत बसली होती. मध्येच तिनं मान वर न करता विचारलं, "दारावर कोण कोण येतंय तिथं?" भाचा म्हणाला, "कुणी येत नाही आई, गेटवरच अडवतात. सिक्युरिटी एकदम चांगली आहे." तो आईच्या काळजीनंच बोलत होता. अक्का "बरं" म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

ते "बरं" माझ्या डोक्यातून जाईना.

लातूरच्या घरात अक्काच्या दारावर सकाळी सातपासून राबता असतो. दूधवाला, मग भाजीची पाटी घेऊन येणारी बाई, जी पायरीवर टेकून पाणी पिते आणि गल्लीतल्या चार बातम्या देते. मग फुलांच्या पुड्यावाला पोरगा. दुपारी शेजारच्या काकू निवडायचं काहीतरी ताटात घेऊन येतात. यातलं कुणीही अक्काला भेटायला म्हणून येत नाही. प्रत्येकाचं काही काम असतं, आणि त्या कामाच्या निमित्तानं दिवसभरात आठदहा माणसांशी तिचं बोलणं होतं. भाऊजी गेले त्या वर्षी ती सावरली ती या येण्याजाण्यामुळे, हे मी स्वतः पाहिलंय. आम्ही बहिणी दहा-पंधरा दिवस राहून आपापल्या घरी परतलो. भाजीवाली रोज येत राहिली.

आपल्याकडे शहरात वस्ती निवडली जाते ती जो बाहेर पडतो त्याच्या घड्याळावर. कमावणाऱ्याचं ऑफिस, त्याचा रस्ता, त्याचा सिग्नल, त्याची गाडी कुठं लागेल. यात चूक काही नाही. त्याच्या कमाईवर भाडं जाणार आहे आणि रोज दोन-दोन तास नगर रोडवर अडकून घरी आलेला माणूस घरात कुणालाच सुख देत नाही. पण तो सकाळी नवाला बाहेर पडतो आणि रात्री आठला येतो. त्या वस्तीत त्याचं राहणं फक्त रात्रीचं. सकाळी नऊ ते रात्री आठ ती वस्ती खऱ्या अर्थानं ज्याच्या वाट्याला येते, त्या माणसाचं मत त्या तक्त्यात कुठंच नसतं. म्हातारी आई, नोकरी सोडून लहान मूल सांभाळणारी सून, गावाहून आणलेले वडील. शहरातल्या सगळ्यात मोठ्या निवडींपैकी ही एक, आणि ती करतो तो दिवसा तिथं नसतोच.

म्हणून मी ठरवलं की तक्त्यातल्या या जागा आपण अकरा वाजता बघायच्या. शनिवार-रविवारी नाही, कामाच्या दिवशी.

वाघोलीतल्या एका मोठ्या संकुलात अशीच अकराच्या सुमाराला गेले. चार टॉवर, मधे हिरवळ, हिरवळीवर पाऊल ठेवू नये अशी पाटी. ऑफिसला जाणारी गर्दी ओसरलेली. लिफ्टमध्ये डिलिव्हरीची पोरं, हातात दोन-दोन पिशव्या, डोळे मोबाईलवर. खाली पार्किंगच्या सावलीत, गाड्या निघून गेल्यामुळे मोकळ्या पडलेल्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून पाच-सहा म्हातारी माणसं बसली होती. एक आजोबा बीडचे, एक आजी नागपूरकडच्या, एक जोडपं बिहारमधलं, ज्यांना मराठी येत नव्हतं आणि बाकीच्यांना त्यांची बोली कळत नव्हती, तरी ती सगळी रोज तिथंच बसत होती. हिरवळीवर ऊन आणि बाकांना सावली नाही, म्हणून पार्किंग. बीडचे आजोबा म्हणाले, "इथं सगळं आहे ताई. फक्त बाहेर पडता येत नाही." मला वाटलं गुडघे दुखत असतील. तर ते म्हणाले, गेटबाहेर पडलं की फूटपाथ नाही, डंपर जातात, आणि रस्ता ओलांडायचा तर कुणाचा तरी हात धरावा लागतो. गावाकडं ते रोज मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचे. इथं देऊळ आहे, अर्ध्या किलोमीटरवर, पण मधे तो रस्ता आहे. भाच्याच्या तक्त्यात त्या संकुलासमोर 'मंदिर : जवळ' असं मी स्वतः वाचलं होतं.

तेवढ्यात टँकर आला. पांढरी टाकी, खालच्या झडपेतून गळत आलेल्या पाण्याचा रस्ताभर ओला माग, मागे घेताना वाजणारा पीं-पीं आवाज. वॉचमननं वही काढली, वेळ लिहिली, ड्रायव्हरची सही घेतली. पानभर तशाच नोंदी होत्या. मी विचारलं, रोजचे किती? तो म्हणाला, उन्हाळ्यात विचारू नका. २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी वाघोली एक. टँकर अजून येतातच. घराच्या जाहिरातीत पाण्याबद्दल '२४ तास' लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं, कारण नळाला पाणी असतं. ते कुठून येतं आणि त्याचे पैसे मेंटेनन्सच्या कुठल्या ओळीत लपलेत, हे वॉचमनच्या वहीत असतं.

अक्काला हे सांगितल्यावर ती फोनवर बराच वेळ गप्प राहिली. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरमध्ये पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. देशभर त्याचे फोटो छापून आले. त्या दिवसांत अक्का भांडी घासलेलं पाणी बादलीत धरायची, ते फरशीला, फरशीचं संडासात. आजही तिच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत जात नाही, कुंडीत जातं. ज्यांनी ते वर्ष काढलंय त्यांना टँकरचा आवाज वेगळा ऐकू येतो. ती एवढंच म्हणाली, "टँकरचं पाणी विकत घ्यायला पुण्याला कशाला जायचं गं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असायलाही नको.

पुण्याच्या माणसाला पाण्याबद्दल सांगायला नको, पण नव्यानं येणाऱ्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं आपल्या डोक्यावर आहेत, सगळी भरली की २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी, आणि तरी शहराच्या कडेला राहणारा माणूस टँकर मागवतो. पूर्वेला वडगाव शेरी, खराडी, येरवडा या भागांचे हाल २०२१ च्या जानेवारीत भामा आसखेड धरणाचं पाणी आल्यावर कमी झाले. त्याआधी तिथल्या बायकांनी काय काढलंय ते त्यांनाच विचारावं. म्हणजे एकाच खराडीतल्या दोन इमारतींचं पाणी दोन तऱ्हेचं असू शकतं, आणि भाडं मात्र सारखंच. सिंहगड रोडच्या पुढं, नांदेड गाव, किरकटवाडी या बाजूला २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले तेव्हा आधी बोट गेलं ते पाण्याकडेच. धरणाच्या इतक्या जवळ राहून लोक उकळून पाणी पीत होते. माझी एक मैत्रीण तिथं आहे. तिनं घर घेताना खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून घेतलं, आणि डोंगर खरंच सुंदर दिसतो, पावसाळ्यात तर नजर हटत नाही. त्या महिन्यात मात्र ती मुलांना हात धुवायलासुद्धा उकळलेलं पाणी देत होती.

आणि पाणी नसण्याइतकंच पाणी असण्याचंही विचारायला हवं. मी सहकारनगरच्या बाजूला राहते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा आला तेव्हा आमची इमारत उंचावर म्हणून वाचली. खालच्या बाजूला गाड्या एकमेकांवर चढल्या होत्या, भिंती पडल्या, माणसं गेली. सकाळी चिखलाचा तो वास, त्यात मिसळलेला डिझेलचा आणि कुजलेल्या धान्याचा वास, अजून जोराचा पाऊस लागला की नाकात येतो. त्या ओढ्याला आम्ही सगळे नाला म्हणायचो, पुलावरून जाताना नाक दाबायचो. तो कुठून येतो, त्याला किती जागा लागते, हे कुणी विचारलंच नव्हतं. २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पहाटे पाणी शिरलं. निळी पूररेषा, लाल पूररेषा हे शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी आले: पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर पोचेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचेल ती लाल. घर बघायला गेलेला माणूस मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून बघतो. त्यानं ही रेष विचारावी असं मला फार मनापासून वाटतं. कागदावर कळली नाही तर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारावं, की त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

या शहरात असेही लोक आहेत ज्यांनी वस्ती निवडलीच नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले वाडे वाहून गेले, आणि ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यासाठी गोखलेनगर, लोकमान्यनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तेव्हा त्या भागांना कुणी शहरात धरत नव्हतं. पेठेत जन्म गेलेल्या माणसाला माळरानावर नेऊन ठेवल्यासारखं झालं असणार. आज तिथली घरं भाड्यानं मिळवायला ओळख लागते. म्हणजे वस्ती चांगली की वाईट हे ठरायला एक पिढी जाते, आणि त्या पिढीनं जे सोसलेलं असतं ते पुढच्याच्या भाड्यात मोजलेलं नसतं.

नव्यानं येणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या गावच्या रस्त्याच्या तोंडाशी उतरतो आणि तिथंच राहतो, हे मी इतकी वर्षं बघतेय. सातारा-सांगलीकडचे कात्रज, धनकवडी, आंबेगावला. जुन्नर-खेडकडचे भोसरीला. आमचे मराठवाड्यातले आणि सोलापूरकडचे हडपसर, मांजरी, फुरसुंगीत. पहाटे हडपसरच्या गाडीतळावर उभं राहिलं तर लातूर-धाराशिवच्या गाड्यांतून उतरणाऱ्या पिशव्यांवरूनच कळतं, कुणाच्या घरी आज ज्वारी आली, कुणाच्या घरी कुरडया. सुरुवातीला मला हे संकोचाचं वाटायचं, की एवढ्या मोठ्या शहरात येऊन पुन्हा आपलीच माणसं शोधायची. आता तसं वाटत नाही. अक्काच्या वयाच्या बाईला महिन्या-दोन महिन्यांतून गावी जावंसं वाटणार, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि गाडीपर्यंत पोचायला तिला मुलाची सुट्टी बघावी लागू नये. स्वतःच्या पायानं गावी जाता येणं हे म्हातारपणी फार मोठं असतं.

पण वस्ती आपण निवडतो तशी वस्तीही आपल्याला निवडते, हेही लिहायला हवं. मी लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा एका मालकीणबाईंनी माझं आडनाव दोनदा विचारलं. मग गाव विचारलं. मग घरात काय शिजतं ते. आणि मग म्हणाल्या, जागा कालच गेली. पाटी दुसऱ्या दिवशीही तिथंच होती. आज हे प्रश्न ब्रोकर मालकाच्या वतीनं फोनवरच विचारून घेतो, त्यामुळे दारातून परत फिरायची वेळ येत नाही इतकंच. माझ्या ऑफिसमधला एक मुसलमान सहकारी, चांगला पगार, लहान मुलगी, घर बदलायचं म्हटलं की सहा-सहा महिने फिरतो. त्याच्यासाठी 'योग्य वस्ती' म्हणजे जिथं हो म्हणतील ती. एकट्या मुलींना, एकट्या मुलांना, मासे खाणाऱ्यांना हेच. घर शोधण्याच्या गप्पांत हा भाग लोक हळू आवाजात बोलतात. मला तो मोठ्यानं बोलावासा वाटतो, कारण अपमान नाकारणाऱ्याचा व्हायला हवा आणि होतो मात्र विचारणाऱ्याचा.

एवढं सगळं डोक्यात ठेवून मी भाच्याला सांगितलं, टॉवर नको, वडगाव शेरीतली एखादी जुनी इमारत बघ. तिथं गल्ल्या आहेत, खाली किराणा आहे, भाजीच्या गाड्या दारापर्यंत येतात, संध्याकाळी बायका पायऱ्यांवर बसतात, खराडीही जवळ. बँकेची शाखा चालत जाण्याच्या अंतरावर, कारण भाऊजी झेडपीचे शिक्षक होते, अक्काला त्यांची पेन्शन आहे आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला तिला बँकेत स्वतः जायला आवडतं. मोबाईलवर होतं ते, पण तिला ती साडी बदलून, सही करून यायचं असतं. भाचा लगेच पटला. मला वाटलं, झालं.

तेव्हा त्याची बायको बोलली. इतका वेळ ती ऐकत होती. "मावशी, मला टॉवरच हवाय," ती म्हणाली. तिची शिफ्ट कधी दुपारची, कधी रात्री साडेदहाला सुटणारी. कंपनीची गाडी सोडते. लातूरला माहेरच्या गल्लीत क्लासहून यायला उशीर झाला की किती खिडक्या उघडायच्या, दुसऱ्या दिवशी आईला कोण काय बोलायचं, कुणाच्या गाडीवरून उतरली याची चौकशी कुठवर जायची, हे तिनं एकेक करून सांगितलं. आवाज चढवला नाही. "दारावर येणारी माणसं आईंना सोबत वाटतात. माझ्यावर ती पहारा ठेवतात. टॉवरमध्ये शेजारी कोण राहतं कुणाला माहीत नसतं, म्हणून तर मला तिथं राहायचंय."

मी तिला काही समजावायला गेले नाही. तिचं शब्दन् शब्द खरं होतं. मीही त्या गल्लीतूनच आले आहे. मलाही पुणं आवडलं ते पहिल्यांदा एका संध्याकाळी लक्ष्मी रोडवर एकटी हिंडताना, एकही ओळखीचा चेहरा नाही म्हणून. काचेच्या दुकानांसमोरून मी उगाच दोनदा चालत गेले होते, कुणी विचारणार नाही याचा आनंद घेत. मग मूल झालं, नोकरी सुटली, आणि दुपारी तीन वाजता ज्या घरात कुणीच येत नाही ते घर किती मोठं होतं तेही कळलं. तीच गल्ली एकीला आधार आणि दुसरीला जाच, आणि या दोघी एकाच घरात राहणार. कधी कधी तर एकाच बाईच्या आयुष्यात दोन्ही येऊन जातं, दहा वर्षांच्या अंतरानं. तक्त्यात याला रकाना करता येत नाही. भाच्याला मी हेही सांगितलं, की ही निवड तू एकट्यानं करू नकोस. अक्का आणि सून दोघींना घेऊन या, आणि दोघींनी पायांनी फिरून बघू दे.

ते आले. दिवसभर आम्ही फिरलो. अक्कानं प्रत्येक ठिकाणी नळ सोडून पाण्याला हात लावून बघितला, वास घेतला, आणि खालच्या बाईला विचारलं की किती वाजता येतं, जातं कधी, उन्हाळ्यात काय. सुनेनं वेगळंच बघितलं. कंपनीची गाडी कुठवर आत येईल, तिथून दारापर्यंत दिवे आहेत का, रात्री कुठलं दुकान उघडं असतं, जिन्यात वळणावर अंधार आहे का, मुख्य दाराची किल्ली तिच्याकडे राहील की मालकांकडून मागावी लागेल. एका ठिकाणी मालक "रात्री अकराला गेट बंद" म्हणाले तेव्हा ती काही न बोलता खाली उतरली, आणि अक्काही तिच्यामागून उतरली. भाचा बिचारा वर मालकांशी डिपॉझिटचं बोलत राहिला होता.

शेवटी वडगाव शेरीतच एक जागा पटली, दुसरा मजला, लिफ्ट नाही पण पायऱ्या कमी उंचीच्या, किल्ली स्वतःची, महापालिकेचं पाणी सकाळी येतं. गल्लीच्या तोंडाशी रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं मेडिकल, त्यामुळे उजेड. पूर्ण कुणाच्याच मनासारखी नाही. सुनेला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा उघडा दरवाजा आणि दाराशी मांडलेली खुर्ची आवडली नाही. करार अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी करून. तो संपला की पुन्हा बघायचं आणि तेव्हा टॉवरचा विचार आधी करायचा, असं तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलंय. अक्काच्या देखत.

सामान लागत असताना तिनं सासूला स्पष्ट सांगितलं, "त्या काकूंनी मला रात्री किती वाजता आलीस विचारलं तर मी उत्तर देणार नाही हं आई. मग तुम्हाला वाईट वाटायला नको."

अक्का डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. म्हणाली, "तू कशाला देतीस? मला विचारू दे. मी सांगते त्यांना काय सांगायचं ते."